सीएनए : रजिस्ट्रीत नाव लागणे आणि ते टिकवणे (अमेरिका)

वळचण

नमस्कार. अमेरिकेत सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे सीएनए, म्हणून काम करणाऱ्या आणि करू इच्छिणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा धागा काढत आहे. निमित्त थोडे लाजिरवाणे आहे. चार वर्षे नर्सिंग होममध्ये (इथे त्याचा अर्थ वृद्ध आणि आजारी माणसे राहतात ती संस्था) नोकरी करूनही माझे नाव राज्याच्या रजिस्ट्रीत, म्हणजे अधिकृत नोंदवहीत, निष्क्रिय झाले आणि गेल्या महिन्यापासून मी परीक्षेच्या तयारीला पुन्हा बसले आहे. माझे राज्य मुद्दाम सांगत नाही, कारण ते सांगितले की वाचणारे माझ्या राज्याचे नियम आपले समजून चालतात.

आधी एक गैरसमज दूर करते. अभ्यासक्रम संपल्यावर शाळा जो छापील कागद देते, तो आपण फ्रेममध्ये लावतो आणि त्यालाच सर्टिफिकेट म्हणतो. नोकरी देणाऱ्याच्या दृष्टीने त्याला फारशी किंमत नसते. त्याला हवी असते ती राज्याच्या नर्स एड रजिस्ट्रीतील तुमच्या नावासमोरची नोंद. १९८७ साली संघीय कायद्याने नर्सिंग होमच्या कारभारात सुधारणा केल्या, तेव्हा मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होममधील सहायकासाठी किमान प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रत्येक राज्यात अशी रजिस्ट्री या तिन्ही गोष्टी बंधनकारक झाल्या. संघीय किमान मर्यादा ७५ तासांच्या प्रशिक्षणाची असून त्यांपैकी १६ तास देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामाचे असावे लागतात. राज्यांना यापेक्षा जास्त मागण्याची मुभा आहे आणि अनेक राज्ये मागतात. टेक्सासमध्ये १०० तास लागतात, कॅलिफोर्नियात १६०, मेनमध्ये १८०. नावेही बदलतात, न्यू हॅम्पशायरमध्ये याच कामाला एलएनए (लायसन्स्ड नर्सिंग असिस्टंट) म्हणतात, मेरीलँडच्या नर्सिंग होममध्ये जीएनए (जेरियाट्रिक नर्सिंग असिस्टंट).

आता माझी चूक सांगते. मुलगी झाली तेव्हा मी नोकरी सोडली. पुढे आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबातील आजींची त्यांच्या घरी जाऊन देखभाल करू लागले. अंघोळ घालणे, कपडे बदलणे, पलंगावरून व्हीलचेअरमध्ये आणि व्हीलचेअरमधून कमोडवर नेणे, जेवण भरवणे, असे काम अगदी नर्सिंग होममधलेच होते, किंबहुना तिथे आठ-दहा जणांकडे पाहावे लागते आणि इथे एकीकडेच, त्यामुळे ते अधिक नीट होत होते. आजींचा मुलगा दर शुक्रवारी पाकिटात घालून रोख पैसे देत असे. असा दोन वर्षांहून थोडा अधिक काळ गेला आणि नूतनीकरणाचा अर्ज भरायची वेळ आली. त्या अर्जात मालक संस्थेचे नाव, शेवटच्या कामाची तारीख आणि देखरेख करणाऱ्या नर्सची सही तिच्या परवाना क्रमांकासह, असे तीन रकाने होते. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन घेऊन बसले होते आणि त्या तीन रकान्यांपैकी एकही मला भरता येईना.

संघीय नियम असा आहे की प्रशिक्षण पूर्ण झाल्यानंतर सलग २४ महिने जर तुम्ही मोबदला घेऊन नर्सिंगचे किंवा नर्सिंगशी संबंधित काम केले नसेल, तर तुम्हाला नव्याने प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते किंवा किमान परीक्षा तरी पुन्हा द्यावी लागते. काम केल्याचा पुरावा काय मानायचा, हे राज्य ठरवते. उदाहरणार्थ, नॉर्थ कॅरोलायनात त्या २४ महिन्यांत नोंदणीकृत नर्सच्या देखरेखीखाली मोबदल्याचे किमान ८ तास काम पुरते. आठ तास म्हणजे एक पाळी! मी दोन वर्षांत कुठल्याही नर्सिंग होममध्ये एखादी पर-डिएम, म्हणजे गरजेपुरती रोजावरची, पाळी केली असती आणि तिची पे-स्टब (पगाराची पावती) जपून ठेवली असती, तरी बहुधा हा धागा निघाला नसता.

माझ्या राज्याने मला पुन्हा परीक्षा द्यायला सांगितले आहे. आपापले अनुभव लिहावेत. विशेषतः स्किल टेस्टबद्दल, म्हणजे प्रत्यक्ष कृतीच्या परीक्षेबद्दल, कोणी सविस्तर लिहिले तर उपकार होतील, कारण माझी पहिली परीक्षा होऊन सात वर्षे झाली.


रिकामी ओंजळ

वळचणताई, धाग्यासाठी आभार. मी एच-४ वर, म्हणजे एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, आहे. आमच्या गावातल्या कम्युनिटी कॉलेजात सीएनएचा वर्ग भरतो आणि तिथे प्रवेश घेण्याचा विचार बरेच दिवस मनात आहे. शिकायला हरकत नाही, असे सगळे सांगतात. ते खरे आहे का, आणि खरे असेल तर घाई करावी की थांबावे? दुसरी शंका इंग्रजीची. बोलता येते, पण वैद्यकीय शब्द वाचताना अजून अडखळते.


कंदील

मी नोंदणीकृत नर्स आहे आणि गेली काही वर्षे सीएनएचे वर्ग घेते. आधी ओंजळताईंच्या शंका घेते.

एच-४ वर शिकण्याला अडचण नसते. अडचण पुढची आहे आणि ती वर वळचणताईंनी सांगितलेल्या नियमातूनच निघते. एच-४ वर नोकरी करायची तर काम करण्याचा परवाना, म्हणजे ईएडी, हवा. २०१५ पासून तो काही एच-४ पती-पत्नींना मिळू लागला असला, तरी त्यासाठी सर्वसाधारणपणे जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी त्याच्या मालकाने केलेला अर्ज, मंजूर झालेला असावा लागतो. तुमच्याकडे ईएडी नसताना तुम्ही आज परीक्षा उत्तीर्ण झालात, तर आजपासून तुमचे २४ महिने मोजले जाऊ लागतील आणि त्या काळात तुम्हाला कायदेशीरपणे एकही पगारी पाळी करता येणार नाही. स्वयंसेवक म्हणून केलेले काम यात धरले जात नाही, कारण नियमात मोबदल्याचा उल्लेख स्पष्ट आहे. म्हणून ईएडी हाती येण्याचा अंदाज बांधूनच वर्गाला बसा, असे माझे मत आहे. एल-२ वर, म्हणजे कंपनीने बदली करून इथे पाठवलेल्यांच्या जोडीदारांच्या व्हिसावर, असणाऱ्या पती-पत्नींना हा प्रश्न पडत नाही. त्यांना त्या दर्जासोबतच काम करण्याची मुभा असते.

इंग्रजीबद्दल सांगायचे, तर परीक्षेचे दोन भाग असतात. एक लेखी आणि दुसरा प्रत्यक्ष कृतीचा. लेखीऐवजी तोंडी परीक्षा निवडण्याचा हक्क संघीय नियमानेच दिलेला आहे. त्यात प्रश्न ऐकवले जातात. आमच्याकडे जी परीक्षा होते तिच्या लेखी भागात ७० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि त्यांपैकी ६० चेच गुण धरतात, उरलेले १० पुढच्या परीक्षांसाठी चाचपून पाहिलेले असतात. कोणते १०, ते कळत नाही, त्यामुळे सगळेच मन लावून सोडवा. नापास झालात तरी राज्याला तुम्हाला एकूण किमान तीन संधी द्याव्याच लागतात.

आता स्किल टेस्ट. वळचणताई, सात वर्षांत मूळ गाभा फारसा बदललेला नाही. यादीत वीस-बावीस कृती असतात आणि त्यांतून पाच तुमच्या वाट्याला येतात. हात धुणे हे त्या पाचांत असतेच, आणि मोजमापाची एखादी कृती, म्हणजे नाडी, श्वसन, रक्तदाब, वजन किंवा लघवीचे माप, हीही असते. माझ्या वर्गातील विद्यार्थी रक्तदाबाला घाबरतात आणि हात धुण्यात नापास होतात. आपण जन्मभर हात धुतलेले असतात, हेच त्याचे कारण! परीक्षकासमोर नळ सोडायचा, मनगटापर्यंत हात ओले करायचे, साबण घेऊन बोटांच्या बेचक्यांसह किमान २० सेकंद चोळायचे, नखे दुसऱ्या तळहातावर घासायची आणि हे सगळे करताना बोटांची टोके कोपराच्या खाली ठेवायची, म्हणजे घाण पाणी बाहीकडे न जाता सिंकमध्ये पडते. मग कागदी रुमालाने हात कोरडे करायचे, तो टाकायचा, नवा कोरडा रुमाल घ्यायचा आणि त्याने नळ बंद करायचा. या साऱ्यात हात सिंकच्या आतल्या कडेला लागला, तर सुरुवातीपासून पुन्हा. विद्यार्थी सगळे बिनचूक करतात आणि शेवटी सवयीने उघड्या हाताने नळ बंद करतात. तिथे मी डोळे मिटते.

मोजमापाच्या कृतींत किती फरक चालतो, तेही लक्षात ठेवा. आमच्याकडे नाडी पूर्ण एक मिनिट मोजतात आणि परीक्षकाच्या आकड्याशी ४ ठोक्यांपर्यंतचा फरक मान्य असतो. श्वसनात २ श्वासांचा, रक्तदाबात ८ मिलिमीटरचा आणि लघवीच्या मापात २५ मिलिलिटरचा. लघवीचे माप घेताना मोजपात्र सपाट जागी ठेवून आपले डोळे पातळीला आणून वाचायचे असते. वरून वाकून वाचणाऱ्याचा आकडा हमखास चुकतो.

बाकीच्या कृती पाठ करताना त्यांचा क्रम पाठ करू नका, त्यामागचे कारण समजून घ्या. ज्याचा उजवा हात अर्धांगाने दुबळा झाला आहे, त्याला शर्ट घालताना आधी दुबळा हात बाहीत घालायचा आणि काढताना आधी धडधाकट हात मोकळा करायचा. का, ते एकदा स्वतःच्या घरच्या माणसाचा हात सैल सोडायला सांगून करून पाहा. पाच मिनिटांत कळेल आणि मग विसरणार नाही. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, स्वच्छ करताना शरीरापासून बाहेरच्या दिशेने, किमान चार इंचांपर्यंत, एकाच दिशेने पुसत जायचे. स्त्रीची गुप्तांगाची स्वच्छता पुढून मागे. व्हीलचेअरमध्ये बसवण्यापूर्वी चाकांना लॉक, पायांत न घसरणारे बूट, कमरेला गेट बेल्ट, म्हणजे उठवताना-चालवताना धरायचा पट्टा. आणि कुठलीही कृती असो, सुरुवातीला दारावर टकटक, स्वतःची ओळख, काय करणार ते सांगणे आणि पडदा ओढणे, तर शेवटी पलंग खाली आणणे आणि बोलावण्याची घंटा हाताशी ठेवणे. ही घंटा म्हणजे माझ्या वर्गातले दुसरे मोठे गळतीचे ठिकाण.

एक दिलासा असा की कृती संपल्याचे सांगण्याआधी चूक लक्षात आली तर तसे बोलून दाखवून दुरुस्त करता येते. फक्त ज्या पायरीचा क्रमच महत्त्वाचा आहे, ती उशिरा केली तर धरत नाहीत. चाकाला लॉक लावण्याआधीच माणसाला उभे केले, तर मागून लॉक लावून काय उपयोग?


तिसरी पाळी

मी रात्रपाळीचा सीएनए आहे. पैशांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो, कारण या बाबतीत आपली माणसे हक्काचे पैसे सोडून देतात, असे मी पाहिले आहे.

प्रशिक्षण सुरू होण्याच्या दिवशी तुम्ही एखाद्या नर्सिंग होमच्या नोकरीत असाल किंवा त्यांच्याकडून नोकरी देऊ केल्याचे पत्र तुमच्या हाती असेल, तर त्या प्रशिक्षणाचा कोणताही खर्च, पुस्तकांसकट, तुमच्याकडून घेता येत नाही. हा संघीय नियम आहे. आणि तुम्ही स्वतःच्या पैशाने शिकलात, पण प्रशिक्षण संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत नर्सिंग होममध्ये नोकरीला लागलात, तर तुम्ही किती काळ काम केले त्या प्रमाणात झालेला खर्च परत मिळण्याची सोय राज्याने करायची असते. त्यासाठी फीच्या पावत्या लागतात. माझ्या बरोबरीच्या दोघांनी पावत्या फेकून दिल्या होत्या.

दुसरे असे की परीक्षा होईपर्यंत हात बांधून बसावे लागत नाही. प्रशिक्षणात असलेल्या माणसाला नर्सिंग होम चार महिन्यांपर्यंत कामावर ठेवू शकते, मात्र ज्या कृती शिकवून पडताळून घेतल्या आहेत तेवढ्याच त्याने करायच्या. रेसिडेंटला, म्हणजे नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या माणसाला, हात लावण्याआधीच किमान १६ तासांचे शिक्षण झालेले असले पाहिजे आणि त्यात बोलणे-वागणे, संसर्ग टाळणे, सुरक्षितता व आणीबाणी, रेसिडेंटचे स्वावलंबन जपणे आणि त्यांचे हक्क, हे विषय यावे लागतात. करोनाच्या काळात, २०२० साली, या चार महिन्यांच्या मर्यादेला स्थगिती दिली होती आणि पुष्कळ लोक तात्पुरते सहायक म्हणून आत आले. ती सवलत ७ जून २०२२ रोजी संपली. तेव्हा कामावर असलेल्या अनेकांनी चार महिन्यांत परीक्षा दिली नाही आणि चांगली, हात बसलेली माणसे बाहेर गेली. अजून कोणी त्या जुन्या सवलतीच्या भरवशावर असेल, तर तो भ्रम दूर करावा.

आता टिकवण्याबद्दल. नर्सिंग होमने आपल्या प्रत्येक सहायकाला वर्षाला किमान १२ तासांचे इन-सर्व्हिस प्रशिक्षण द्यायचे असते. त्यात स्मृतिभ्रंश झालेल्यांची काळजी आणि रेसिडेंटवरील अत्याचार रोखणे हे विषय सक्तीचे आहेत. कागदावर हे छान दिसते. मी पूर्वी जिथे होतो, तिथे रात्री अडीच वाजता सुपरवायझर एक तक्ता घेऊन येत असे आणि आम्ही सगळे ‘एक तास’ असे लिहिलेल्या ओळीवर सही करत असू. व्हिडिओ लावलेला असे, पण त्या वेळी रेसिडेंटनी बोलावल्याचे दोन-तीन दिवे लागलेले असत आणि आम्ही खोल्यांत धावत असू. पुढे नूतनीकरणाच्या वेळी मी तासांचा दाखला मागितला, तर तो तक्ताच सापडेना. न घेतलेल्या शिक्षणावर सही केली, ही माझी चूक. पण जे खरोखर घेतले होते तेही त्यात बुडाले. आता प्रत्येक इन-सर्व्हिसनंतर त्या पानाचा फोनवर फोटो काढतो. तारीख, विषय, तास आणि शिकवणाऱ्याची सही एवढे दिसले पाहिजे, रेसिडेंटचे नाव किंवा चेहरा मात्र चुकूनही त्यात येता कामा नये.


मोरपीस

तिसरी पाळी यांच्या प्रतिसादात एक भर घालते. ते १२ तास नर्सिंग होमवरचे बंधन आहे. तुमच्या नूतनीकरणासाठी राज्य किती तास मागते, हा स्वतंत्र हिशेब आहे आणि तो तुमचा तुम्ही ठेवायचा. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांना ४८ तास लागतात, त्या दोन्ही वर्षांत प्रत्येकी किमान १२ झालेले असावे लागतात आणि ऑनलाइन केलेले तास २४ पेक्षा जास्त धरत नाहीत. माझ्या मैत्रिणीने पहिले वर्ष कोरडे घालवून दुसऱ्या वर्षी ४८ पूर्ण केले आणि ते पुरले नाहीत. टेक्सासमध्ये दोन वर्षांना २४ तास आहेत. काही राज्ये नूतनीकरणाच्या वेळी तास विचारतच नाहीत, फक्त पगारी काम पाहतात. तेव्हा आपल्या राज्याच्या रजिस्ट्रीचे पान वाचणे, याला पर्याय नाही.

भारतातून आलेल्यांसाठी एक खास गोष्ट. प्रत्यक्ष कामाला जाण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी मागतात. आपल्यापैकी बहुतेकांना जन्मतः बीसीजी टोचलेली असते आणि त्यामुळे त्वचेवरची चाचणी संसर्ग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. माझा हात टम्म फुगला. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि वर्गाची एक तुकडी हातची गेली. रक्तावरच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. तेव्हा शाळेला पहिल्याच दिवशी सांगा की मला रक्ताची चाचणी हवी आहे. हिपॅटायटिस बीच्या लसीचे पैसे मात्र स्वतः भरू नका. रक्ताशी संपर्क येणाऱ्या कामात ती मोफत देऊ करणे ही नोकरी देणाऱ्याची जबाबदारी आहे आणि कामावर नेमणूक झाल्यापासून १० कामकाजी दिवसांत ती मिळायला हवी.


रिकामी ओंजळ

कंदीलताई, २४ महिन्यांचे गणित तुम्ही सांगितले नसते, तर मी या सत्रातच फी भरली असती. यजमानांचा आय-१४० अजून व्हायचा आहे. तोवर घरीच नाडी मोजायचा सराव करते. घरातले कंटाळले आहेत.


पाटीपुस्तक

आमचे दोन वर्षांत दुसरे राज्य होत आहे, त्यामुळे बदलीबद्दल विचारायचे आहे. नर्सना जसा अनेक राज्यांत चालणारा एकच परवाना मिळतो, तसे सीएनएला काही आहे का? पत्नीची नोंद सध्या ७५ तासांच्या राज्यातली आहे आणि आम्ही त्याहून जास्त तास मागणाऱ्या राज्यात जात आहोत.


कंदील

नर्सच्या परवान्यासाठी राज्यांचा जो आपसातला करार आहे, त्यात सीएनए येत नाहीत. प्रत्येक राज्यात वेगळा अर्ज करावा लागतो. त्याला बहुतेक ठिकाणी रेसिप्रॉसिटी किंवा एन्डॉर्समेंट म्हणतात. जुन्या राज्यात नोंद सक्रिय आहे आणि नावावर कोणताही ठपका नाही, हे नव्या राज्याची रजिस्ट्री पडताळून घेते. बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी पुन्हा होऊ शकते. तासांच्या फरकाबद्दल राज्यांची धोरणे निरनिराळी आहेत, म्हणून सामान ट्रकमध्ये भरण्याआधी नव्या रजिस्ट्रीला लेखी विचारून ठेवा आणि उत्तरही जपून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे जुनी नोंद जिवंत असतानाच अर्ज करा. घर लावणे, मुलांच्या शाळा, गाडीचा परवाना या गडबडीत चार-सहा महिने सहज निघून जातात. जुनी नोंद संपली की हस्तांतर करण्यासारखे काही उरतच नाही. पत्नीला निघण्यापूर्वी सध्याच्या नोकरीतून कामाच्या तारखांचे पत्र घ्यायला सांगा. नर्सिंग होमचे मालक बदलतात, पगाराचे काम पाहणारी कंपनी बदलते आणि दोन वर्षांनी फोन केला तर ‘अशा नावाची कोणी नव्हती’ असेही उत्तर मिळते.


खडीसाखर

मी भारतात बीएससी नर्सिंग केले आहे आणि सहा वर्षे वॉर्डात काम केले आहे. इथे एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या परवान्याची परीक्षा, द्यायची आहे, पण कागदपत्रांच्या पडताळणीला वेळ लागतो आहे. तोवर सीएनए करावे का? आणि मलाही सुरुवातीपासून हात धुवायला शिकावे लागेल का? प्रश्न उर्मटपणाने विचारत नाही, खरोखर माहीत नाही.


कंदील

काही राज्ये परदेशात नर्सिंग शिकलेल्यांना प्रशिक्षण न घेता थेट परीक्षेला बसू देतात. फ्लोरिडात तर प्रशिक्षण न घेतलेल्या कोणालाही थेट परीक्षा देता येते. तुमच्या राज्यात तशी वाट आहे का, ते पाहा. सीएनए केल्याने इथल्या नोंदी, भाषा आणि नर्सिंग होमची शिस्त अंगवळणी पडते, म्हणून मी हो म्हणेन.

मात्र थेट परीक्षेला बसलात तरी कृतींचा सराव केल्याशिवाय बसू नका. माझ्याकडे आलेल्या अनुभवी नर्स अडखळल्या त्या ज्ञानात नाही, सवयीत. वॉर्डात एका नर्सकडे चाळीस रुग्ण असतात, तिथे कोणी प्रत्येकाला ‘निळा शर्ट घालायचा की पांढरा?’ असे विचारत नाही. इथे ते विचारणे परीक्षेच्या कागदावरची पायरी आहे. शिवाय सीएनए म्हणून काम करताना औषध देणे, सलाइन लावणे, जखमेबद्दल मत देणे हे तुमच्या कक्षेबाहेरचे होईल, तुम्हाला कितीही येत असले तरी. लाल दिसणारी जागा पाहायची आणि नर्सला सांगायची, इतकेच. अनुभवी माणसाला हेच सर्वांत जड जाते.


तिसरी पाळी

कक्षेचा विषय निघाला म्हणून रजिस्ट्रीच्या दुसऱ्या बाजूबद्दल लिहितो. नोंद संपली तर वळचणताईंसारखी पुन्हा परीक्षा देता येते. रेसिडेंटवर अत्याचार, दुर्लक्ष किंवा त्याच्या मालमत्तेचा अपहार यांपैकी काही तुमच्या नावावर सिद्ध होऊन रजिस्ट्रीत चढले, तर प्रकरण फार वेगळे होते. तुम्हाला सुनावणीचा हक्क असतो, आणि नोटीस आल्यावर तो मुदतीत बजावला पाहिजे. पण नोंद एकदा कायम झाली की ती चूक ठरल्याशिवाय किंवा न्यायालयाने निर्दोष सोडल्याशिवाय जात नाही. दुर्लक्षाची एकच घटना असेल, तर एक वर्षानंतर ती काढण्यासाठी अर्ज करण्याची तरतूद आहे. अत्याचाराला तीही नाही. नोकरी देण्यापूर्वी प्रत्येक नर्सिंग होमला रजिस्ट्री तपासावी लागते, त्यामुळे गाव किंवा मालक बदलून सुटका होत नाही.

आपल्याला वाटते की हे वाईट माणसांपुरते आहे. माझ्या मजल्यावरचे एक आजोबा दर पहाटे माझ्या खिशात वीस डॉलरची नोट कोंबायचा प्रयत्न करत, ‘मुलांना खाऊ घे’ म्हणून. दुपारी ते विसरत आणि पैसे चोरीला गेले म्हणून मुलीला फोन करत. पहिल्याच दिवशी मी ती नोट त्यांच्या देखत चार्ज नर्सकडे, म्हणजे त्या पाळीच्या प्रमुख नर्सकडे, दिली आणि तिने ते लिहून ठेवले. नाही म्हणताना मला वाईट वाटले होते, कारण आपल्याकडे वडीलधाऱ्यांनी दिलेले असे परत करत नाहीत. फोनबद्दलही तेच. रेसिडेंटचा मानहानिकारक फोटो काढणे किंवा पसरवणे हा अत्याचार मानला जाईल, हे २०१६ साली केंद्रीय यंत्रणेने स्पष्ट केले आहे. वाढदिवसाची टोपी घातलेला गोड फोटोसुद्धा आपल्या फोनवर नको.


मोरपीस

वळचणताई, परीक्षेचे काय झाले? धागा तुमचा आणि बोलतो आहोत आम्हीच.


वळचण

परवा झाली. आधी उत्तर देते : उत्तीर्ण झाले, दोन्ही भागांत.

वाट्याला हात धुणे, नाडी, दुबळ्या हाताला शर्ट घालणे, बेडपॅन देणे आणि पाय धुणे असे आले. कंदीलताई, नळ कागदाने बंद केला. नाडी मोजताना माझीच इतकी धडधडत होती की कुणाची मोजते आहे, तेच कळेना. म्हणून पहिले काही सेकंद नुसते बोट ठेवून थांबले आणि मग घड्याळाकडे पाहून सुरुवात केली. माझे ७४ आले, परीक्षकांच्या आकड्यापेक्षा २ ने जास्त. पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, मोजे चढवून मी ‘झाले’ म्हणायला तोंड उघडले आणि घंटा रुग्ण बनलेल्या बाईच्या हातापासून दोन फुटांवर लोंबताना दिसली. ‘मला एक दुरुस्ती करायची आहे’ असे म्हणून ती उशीजवळ आणून ठेवली. परीक्षक काही बोलल्या नाहीत, कागदावर खूण मात्र केली.

खरा गोंधळ परीक्षेच्या आधीच झाला. माझ्या पासपोर्टवर माझे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव असे तीन शब्द आहेत. गाडीच्या परवान्यावर नवऱ्याचे नाव मधल्या नावाच्या जागी आहे आणि अर्ज भरताना मी ते गाळले होते. ओळखपत्र आणि अर्ज यांवरील नाव तंतोतंत जुळत नाही, म्हणून दारावर वीस मिनिटे थांबवून ठेवले होते आणि माझ्या मागे आलेल्या तिघी आत गेल्या. सुदैवाने जुन्या नोंदीचा क्रमांक माझ्याकडे होता, त्यावरून त्यांनी जुळवून घेतले. आपल्याकडच्या तीन शब्दांच्या नावांचे काय करायचे, हे अर्ज भरायच्या दिवशीच ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा.

आज सकाळी रजिस्ट्रीच्या शोधपानावर नाव घालून पाहिले. सक्रिय, पुढची तारीख बरोबर दोन वर्षांनंतरची. फक्त आडनावात एक अक्षर चुकले आहे. दुरुस्तीचा अर्ज परवान्याच्या प्रतीसह दुपारी पाठवला आणि सोमवारपासून एका नर्सिंग होममध्ये आठवड्याला दोन पाळ्या करणार आहे. आजींकडे शनिवारी जाईन, पण तो हिशेब वेगळा.